मागच्या दोन खोल्या

२ मार्च

प्रिय ताई,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. "काय गं इतिहासकार, कुठवर आलं आपलं घर?" हे वाक्य मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती चुलीवरून मान न वळवता म्हणाली, "त्यांना लिही, घर जागेवरच आहे. आमची पदवीधर मात्र वर्षभर खुर्चीतून हललेली नाही. भांडी घासायला घरात दुसरं कोणी आहे का, तेही विचार."

तर सांगायचं म्हणजे, लिहिता लिहिता घर आत्ताच्या मालकिणीपर्यंत, म्हणजे तुमच्यापर्यंत, आलं आहे. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं, आणि तेच सगळ्यांत अवघड जातंय. आधीच्या मालकांबद्दल लिहिताना मी मोकळी होते. तुमच्याबद्दल लिहायला बसले की प्रत्येक वाक्य आभाराचं होतं आणि मी ते खोडते. इतिहासात आभार मानायचे नसतात, हे शाळेत तुम्हीच शिकवलंत.

पहिला मालक वीटभट्टीवाला. त्याने भट्टीत उरलेल्या विटांतून घर उभं केलं, म्हणून पुढची भिंत लाल, पूर्वेची पिवळट आणि आमच्या मागच्या दोन खोल्या जवळजवळ काळ्या. जास्त भाजलेल्या विटा गिऱ्हाईक घेत नसे, त्या राखणदाराच्या, म्हणजे माझ्या पणजोबांच्या, वाट्याला आल्या. बाबा म्हणतात, त्याच सगळ्यांत टणक. दुसरा घोडेवाला. आजारी घोडी त्याने दिवाणखान्यात आणून बांधली होती आणि बायकोला पडवीत झोपायला लावलं होतं. भिंतीतली कडी अजून आहे, तुम्ही तिला कुंडी टांगायचात. मग ते दोघे भाऊ, ज्यांनी स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घातली. ते एकमेकांशी बोलत नसत. माझे आजोबा मध्ये उभे राहून निरोप देत. "मोठे मालक विचारतात, मीठ आहे का." "धाकटे मालक म्हणतात, आहे, पण देणार नाही." दोघेही समोरासमोर उभे असत, हे बाबा सांगतात तेव्हा आई दर वेळी नव्याने हसते.

डॉक्टर आणि डॉक्टरीणबाईंचं प्रकरण तुम्ही वाचलंच आहे. डॉक्टरीणबाईंना मी खडूस म्हटलं, ते तुम्हाला फार आवडलं. बाबांना नाही आवडलं. म्हणाले, "तोंडाने फटकळ होत्या, एवढंच लिही." पण मी खरं तेच लिहायचं ठरवलं आहे.

तुम्ही किल्लीच्या रीतीबद्दल विचारलंत. मी बाबांकडून पुन्हा नीट ऐकून घेतलं, ते असं. वीटभट्टीवाल्याने घर विकलं तेव्हा गावात बोलणं सुरू झालं की राखणदार आता खोल्या बळकावणार. माझ्या पणजोबांना ते लागलं. नवा मालक यायच्या दिवशी त्यांनी आपलं सगळं सामान अंगणात तुतीच्या झाडाखाली आणून ठेवलं, पणजीने खोल्या धुतल्या, आणि पणजोबांनी किल्ली घोडेवाल्याच्या हातात दिली. म्हणाले, "घर तुमचं. आम्ही हवे असलो तर ठेवा." घोडेवाल्याने खोल्यांतून एक चक्कर मारली, बाहेर येऊन किल्ली परत दिली आणि आमची पाण्याची घागर स्वतः उचलून आत नेली. तेव्हापासून प्रत्येक मालकाच्या वेळी तसंच झालं. किल्ली द्यायची, त्यांनी ती परत करायची आणि आमची एक वस्तू त्यांनी स्वतः आत न्यायची. दोघा भावांमध्ये वस्तूवरून भांडण झालं आणि शेवटी एकच पेटी दोघांनी दोन टोकांना धरून नेली. मोठे झाल्यावर दोघांनी मिळून केलेलं तेवढंच एक काम, असं आजोबा म्हणत. तुम्ही माझं दप्तर नेलं होतंत. मला तुमच्या हातातल्या बांगडीचा आवाजसुद्धा आठवतो.

आणि तुमचा प्रश्न. एखाद्या मालकाने किल्ली परत दिलीच नाही तर? मी बाबांना विचारलं. ते माझ्याकडे असं बघू लागले, जणू मी विचारलं की विहीर उठून चालायला लागली तर. मग म्हणाले, "असं कसं होईल? मग आम्ही झोपायचं कुठे?"

हे उत्तर मी जसंच्या तसं लिहिलं आहे. आजवर लिहिलेली सगळी पानं सोबत पाठवते.

तुमचीच.


१९ एप्रिल

प्रिय ताई,

काल दोन माणसं फीत घेऊन आली आणि सगळ्या खोल्या मोजून गेली. आमच्यासुद्धा. एकाने आईला पलंग सरकवायला सांगितला. मी ग्रंथालयातून परतले तेव्हा बाबा चुना कालवत बसले होते. मी विचारलं, हे काय, तर म्हणाले, "घर विकतायत म्हणे. खोल्या स्वच्छ दिसल्या पाहिजेत."

तुम्ही घर विकणार आहात हे मला फीतवाल्याकडून कळावं याचं वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? पण आजारपण, शहरातला खर्च, एकटीने एवढं घर सांभाळणं, हे मला कळत नाही असं नाही. तुमचं घर, तुम्ही विकावं. मला फक्त एवढंच वाटलं की मला आधी सांगितलं असतंत तर शेवटचं प्रकरण मी वेगळं लिहिलं असतं.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं कालपासून चाललंय. माझी कॉलेजमधली मैत्रीण आता वकिली करते. तिला मी सहज ही रीत सांगितली होती, मोठ्या अभिमानाने. ती हसली नाही. म्हणाली, "अगं, एवढी वर्षं राहताय म्हणून तुम्हाला तिथे काही हक्क आहे. सामान बाहेर काढून स्वतःच्या हाताने किल्ली दिलीत की सोडलीच जागा तुम्ही. नवा मालक लेखी देईपर्यंत उंबरठ्याबाहेर चमचासुद्धा ठेवू नका." मी हे बाबांना सांगितलं. ते चिडले. बाबा चिडले की आवाज चढवत नाहीत, नुसते उठून जातात. चुन्याची बादली घेऊन उठले आणि जाताना म्हणाले, "चार पिढ्यांत आपल्याला कोणी बळकावणारे म्हटलं नाही. तुझ्या शिक्षणाने ते म्हणवून घ्यायचंय का?"

आई मध्ये पडली. "शिक्षणाला कशाला बोलता? शिक्षणानेच ती चार पिढ्या लिहून काढतेय." मग मला म्हणाली, "पण तूही त्या वकिलीणबाईंना सांग, आमच्याकडे चमचे चारच आहेत, आत राहिले काय नि बाहेर राहिले काय."

ताई, मला मधल्या मध्ये उभं राहायचा कंटाळा आला आहे. तुम्ही एकदा सांगा. तुम्ही जे सांगाल ते मी ऐकेन. तुम्ही म्हणालात काळजी करू नकोस, तर मैत्रिणीला मी गप्प करते. आठवतं ना, आमच्या अंगणात बसून तुम्ही बाबांना म्हणाला होतात, "काका, शिकू द्या तिला. शिकून परत येईल आणि तुमचंच लिहील." बाबांनी तेव्हा एका शब्दाने विचारलं नाही की कशावरून. तुम्ही म्हणालात तेवढं पुरे होतं.

उत्तराची वाट पाहते.


५ मे

प्रिय ताई,

जीव भांड्यात पडला.

तुम्ही फोन केलात, तोही बाबांना, हे किती बरं केलंत. फोन झाल्यावर ते अंगणातून आत आले ते छाती काढूनच. "ताई म्हणाल्या, काका, नेहमीसारखंच करू. मी स्वतः येईन." मग आईकडे वळून, "ऐकलंस? स्वतः येणार आहेत." आई म्हणाली, "मी बहिरी नाही. आणि फोनवर एवढं ओरडलात की शेजारच्या शेतातला बैलही तयारीला लागला असेल."

कालपासून आई गोधड्या उन्हात घालते आहे. सगळं सामान अंगणात येणार म्हणजे चार लोकांना दिसणार, म्हणून फाटकं ते आधीच वेगळं काढून शिवत बसली आहे. मला तिने ट्रंकेला रंग द्यायला लावलं. बाबांनी दाढीसाठी नवं पातं आणलं.

मैत्रिणीचा परवा पुन्हा फोन आला होता. ते मी घरी सांगितलं नाही. तिला म्हटलं, "तू ताईंना ओळखत नाहीस." ती म्हणाली, "मी कोणालाच ओळखत नाही, म्हणून तर लेखी मागते." मी फोन ठेवला. तुमच्यावर अर्धा दिवस का होईना शंका घेतली, याची मला लाज वाटते. शेवटचं प्रकरण आता आपोआप लिहून होईल. तुम्ही आमच्या अंगणात उभ्या असाल आणि नवा मालक आमची कोणतीतरी वस्तू उचलून आत नेईल. एखाद्या घराच्या इतिहासाला याहून चांगला शेवट कुठला?

चौदाला भेटूच.


१५ मे

ताई,

तुमची गाडी फाटकाबाहेर उभी होती. मागची काच अर्धी खाली होती. मी दोनदा हात केला.

म्हणजे तुम्ही आला होतात. फक्त आत आला नाहीत. नंतर तिथून किती दिसलं असेल याचा मी अंदाज घेतला. तुतीच्या आड पलंग दिसला नसेल, पण बाबा आणि नवे मालक नक्की दिसले असतील. तरी मी लिहिते.

नवे मालक तेच, ज्यांची हमरस्त्यावर दोन हॉटेलं आहेत. आल्या आल्या त्यांनी बूट न काढता आमच्या खोल्या पाहिल्या. आईने फरशी नुकतीच पुसली होती, ओल्या फरशीवर बुटांचे ठसे उमटले. आई हसून म्हणाली, "असू दे, घर तुमचंच आहे." ते बाहेर आले. बाबांनी किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली आणि पणजोबांचं वाक्य म्हणाले, "घर तुमचं. आम्ही हवे असलो तर ठेवा." त्यांनी किल्ली घेतली. पाहिली. आणि खिशात घातली.

बाबांना वाटलं ते विसरले. बाबा तसेच हात पुढे करून उभे राहिले. हॉटेलवाल्यांना वाटलं बाबा हात मिळवतायत, म्हणून त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन हलवला. "मोठ्या मनाची माणसं आहात. आजकाल इतक्या सहज कोण जागा सोडतं?" मग त्यांच्या माणसाने आमच्या दाराला दुसरं कुलूप लावलं. बाबा आईला हळूच म्हणाले, "त्यांना रीत ठाऊक नसेल. ताई येऊन सांगतील." आणि ते फाटकाकडे बघत राहिले. तेवढ्यात तुमची गाडी सुरू झाली.

दुपार कलेपर्यंत आम्ही अंगणात बसलो होतो. मग हॉटेलवाल्यांचा माणूस येऊन म्हणाला, "काका, सामान कधी हलवताय? फाटक बंद करायचंय." मामाने टेम्पो आणला. आत्ता मी मामाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर बसून हे लिहिते आहे. खाली पंक्चर काढायचं चाललंय, सगळ्या गोधड्यांना रबराचा वास लागला आहे. मामा भला माणूस, पण त्याला राहवत नाही. सकाळी म्हणाला, "भाऊजी, तुम्ही तर घरचोराला शिडी धरून दिलीत." बाबा म्हणाले, "काहीतरी गैरसमज आहे. पोरगी ताईंना लिहितेय."

ताई, काहीतरी गैरसमज आहे ना? तुम्हाला चक्कर आली असेल. तुम्हाला कोणी खाली उतरू दिलं नसेल. मला काहीही सांगा, मी विश्वास ठेवेन. बाबांना सांगण्यासारखं मला काहीतरी द्या.


२८ जून

तुमचं उत्तर आलं नाही. उत्तर हॉटेलवाल्यांनी दिलं.

मी त्यांच्या हॉटेलात गेले होते. गल्ल्यापाशी उभं राहून काय काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं. अन्याय, माणुसकी, चार पिढ्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "मुली, माझ्यावर का चिडतेस? मी तर विचारलं होतं, मागच्या खोल्यांत माणसं आहेत, त्यांचं काय? कोर्टकचेरीत अडकलेली जागा मी घेत नाही. बाई म्हणाल्या, काही करावं लागणार नाही. ती माणसं स्वतःहून सामान बाहेर काढतात, खोल्या धुऊन देतात, किल्ली हातात ठेवतात. तुम्ही फक्त घ्या, आणि परत देऊ नका. मला आधी पटेना. असं कोण करतं? तर त्यांनी मला सगळं वाचूनच दाखवलं. घोडेवाला काय, दोन भाऊ काय. फार छान लिहिलेलं होतं हो. तूच लिहिलंस का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी परतताना मी रस्त्यात तुमचा प्रश्न पुन्हा पुन्हा आठवत होते. एखाद्या मालकाने किल्ली परत दिलीच नाही तर? मला वाटलं होतं, किती मर्मावर बोट ठेवणारा प्रश्न आहे. एका अभ्यासू माणसाचा प्रश्न. मी तो इतिहासात तुमच्या नावे घालणार होते.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांना सांगितलं की तुम्ही आजारी आहात आणि तुमचे उपचार चालू आहेत. ते रोज विचारतात. काल म्हणाले, "ताईंना लिही, आमची काळजी करू नका म्हणावं, आधी बऱ्या व्हा." ते मी लिहून टाकलं. निरोप पोचवायचं काम आमच्या घराण्यात जुनंच आहे.

आता कामाचं. मैत्रिणीने आमच्यातर्फे दावा लावला आहे. तिचं म्हणणं, सामान बाहेर काढणं म्हणजे जागा सोडणं नव्हे, ती या घराची ठरलेली रीत होती आणि किल्ली परत मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, एवढं सिद्ध झालं तर आम्हाला खोल्या मिळू शकतात. घरातल्या माणसांच्या सांगण्याला वजन नाही. बाहेरचं कोणी हवं. डॉक्टर वारले, डॉक्टरीणबाईंचा पत्ता नाही. तुम्ही आहात. तुम्ही स्वतः किल्ली घेतली होती आणि स्वतः परत केली होती. माझ्या पानांचं तुम्ही काय केलंत, हे कोर्टात कोणी विचारणार नाही, मीही नाही. तुम्ही यायचं आणि एवढंच सांगायचं, हो, अशी रीत होती.

घर विका, पैसे घ्या, मला पुन्हा कधी लिहू नका. पण हे एक वाक्य खरं बोला.


३ सप्टेंबर

तुम्ही कोर्टात आलात. हिरव्या काठाची साडी, चष्मा नवीन. बाबा उठून उभे राहिले आणि तुम्हाला बसायला आपली जागा मोकळी करून दिली. तुम्ही दुसरीकडे बसलात.

हॉटेलवाल्यांच्या वकिलांनी तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, "नाही. त्यांच्याकडे तशी काही रीत नाही." माझ्या मैत्रिणीने ती पानं पुढे केली. तुम्ही चष्मा काढून म्हणालात, "मुलगी हुशार आहे. मीच तिला लिहायला प्रोत्साहन दिलं. पण ही कल्पना आहे, गोष्ट आहे. तिला लहानपणापासून गोष्टी रचायची आवड."

मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतसुद्धा, आणि ओठांत किंचित हसलात, शाळेत माझं अक्षर बघून हसायचात तसं. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण मला काय खरं नि काय रचलेलं ते ओळखायला शिकवणाऱ्या तुम्हीच. एक क्षण, खरंच सांगते, मला वाटलं की मी रचलंच असेल.

मग बाबांना विचारलं, "किल्ली तुम्ही स्वतः दिली?" "हो." "कोणी जबरदस्ती केली?" "नाही." "मग का दिली?" बाबा म्हणाले, "द्यायची असते." मैत्रिणीने कपाळाला हात लावला.

एवढ्यात मागून काठीचा आवाज आला. डॉक्टरीणबाई. माझ्या मैत्रिणीने त्यांना कुठून तरी शोधून काढलं होतं. मी तिला म्हटलं होतं, "त्या खडूस बाई आमच्यासाठी कशाला येतील?" त्या आल्या. भाचीच्या खांद्याला धरून, धापा टाकत, आणि खुर्चीत बसायच्या आधीच न्यायाधीशांना म्हणाल्या, "पंखा मोठा करा, मला लवकर जायचंय."

त्यांनी सगळं सांगितलं. "अहो, उन्हाच्या कडाक्यात सगळा संसार अंगणात मांडलेला. एवढीशी पोर घामाने भिजलेली. आणि हा गृहस्थ माझ्या नवऱ्याच्या हातात किल्ली देतोय. मी म्हटलं, कसला वेडेपणा हा? मला काय करायचीय तुमची किल्ली, धरा ती आणि पोरीला आधी आत न्या. ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं आणि म्हणाले, त्यांच्या पूर्वजांपासून चालत आलंय, एक वस्तू आपण उचलून न्यायची. मग मी पोरीलाच उचलून नेली." मग त्या बाबांकडे वळल्या. "तेव्हाच सांगितलं होतं की नाही तुम्हाला? एक दिवस कोणीतरी खिशात घालेल म्हणून?" बाबा खाली मान घालून म्हणाले, "सांगितलं होतंत, बाई."

त्यांनी तेव्हा मला उचलून नेलं, हे बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि मला खडूस बाई हवी होती म्हणून मी ऐकलं नव्हतं? कोण जाणे.

अंतिम निकाल व्हायचा आहे. तोवर खोल्या आमच्या ताब्यात परत द्यायच्या, असा हुकूम झाला.

बाहेर व्हरांड्यात तुम्ही गाडीची वाट बघत उभ्या होतात. बाबा तुमच्यापाशी गेले. मी मागे होते, मी ऐकलं. त्यांनी विचारलं, "ताई, बरं आहे ना आता?" तुम्ही म्हणालात, "हो काका, बरं आहे." बाबा थोडं थांबले. त्यांना वाटत होतं, आता तुम्ही काही म्हणाल. वकील नव्हते, न्यायाधीश नव्हते, कोणी लिहून घेत नव्हतं. तुम्ही घड्याळ पाहिलंत.

बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. गाव दिसू लागल्यावर मला म्हणाले, "तुला ठाऊक होतं." मी मान हलवली. "मला आधी सांगायचंस. मी त्यांना जागा तरी दिली नसती."


११ जानेवारी

माजी मालकीणबाईंस,

मेपासून मी लिहिलेल्या एकाही पत्राला उत्तर नाही, आणि आता चार ओळींचं कार्ड. "ऐकलं, सगळं नीट झालं. मनात राग ठेवू नकोस. आपलं घराचं पुस्तक आता पूर्ण कर, छापायचं मी बघते."

आपलं.

सगळं नीट झालं, हे खरं आहे. कोर्टाच्या तारखांना कंटाळून हॉटेलवाल्यांनी घर विकायला काढलं. जाताना ते माझ्या हातात किल्लीची दुसरी प्रतही ठेवून गेले आणि म्हणाले, "मला तर ही जागा बाधलीच." त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी आम्हाला कधी शिकवलं नव्हतं, आमच्या अंगणात कधी बसले नव्हते.

आम्ही दोन्ही खोल्यांत परत आलो. दाराला आतून नवी कडी बसवली आहे. बाबांनी स्वतः बसवली. पूर्वी ते दुपारी दार सताड उघडं टाकून झोपायचे, आता आई पाणी भरायला गेली तरी मागून कडी लागते. आईने पहिल्या दिवशी थट्टा केली, "आत काय सोनं पुरलंय का?" बाबा हसले नाहीत. तेव्हापासून ती थट्टा करत नाही. आमच्या घरात आईची थट्टा बंद पडली आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. बाकी कुशल.

घर एका नवरा-बायकोने घेतलं. तरुण आहेत. तो झाडांची रोपं तयार करतो, ती लहान मुलांना पोहायला शिकवते. काल ते राहायला आले. गाडीतून उतरल्यावर आत न जाता थेट मागे आले आणि तुतीखाली उभे राहिले. मी खिडकीतून पाहत होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळं सांगून पाठवलं होतं. त्याने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या.

मी बाबांना म्हटलं, "बाबा, नवे मालक आलेत." ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागे होते. मी आईकडे पाहिलं. ती मला म्हणाली, "जा, सांग काहीतरी."

मी कडी काढून बाहेर गेले आणि दार मागे ओढून घेतलं. नवी मालकीण हसून म्हणाली, "आम्ही लवकर आलो का? काकांची तयारी व्हायची असेल तर थांबतो आम्ही." आईने सकाळी एक लाकडी स्टूल धुऊन अंगणात वाळत टाकलं होतं. त्या मुलीला वाटलं, हीच ती वस्तू. तिने ते उचलून हातात घेतलं होतं आणि ती वाट पाहत उभी होती.

कोर्टात तुम्ही खोटं बोललात, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. काल मी त्या मुलीला म्हणाले, "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. आमच्याकडे तशी काही रीत नाही." तुमचंच वाक्य. तुम्ही म्हणालात तेव्हा ते खोटं होतं. आता नाही.

ती माणसं चांगली असतील. बहुतेक आहेतच. आम्हाला ते आता कधी कळायचं नाही. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण इथेच संपतं, आणि ते मी तुम्हाला छापू देणार नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बंद दाराकडे. "बरं," म्हणाली. तिने स्टूल होतं तिथेच, ओल्या डागावर नेमकं, हळूच ठेवलं. तोवर तो चपला घालू लागला होता.